ग्राम मार्ग (ग्रामीण ब्रॉडबँड प्रकल्प)

ग्राम मार्ग हा भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई (आयआयटी मुंबई) या संस्थेने हाती घेतलेला ग्रामीण ब्रॉडबँडविषयक उपयोजित संशोधन प्रकल्प आहे. संस्थेच्या विद्युत अभियांत्रिकी विभागातील प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखाली तो २०१० च्या दशकात सुरू झाला. त्याचे क्षेत्रीय प्रयोग महाराष्ट्रातील पालघर तालुक्यात झाले. दूरचित्रवाणीसाठी राखून ठेवलेल्या, परंतु वापरात नसलेल्या ध्वनिलहरींचा नव्हे तर रेडिओ लहरींचा (टीव्ही व्हाइट स्पेस) उपयोग करून खेड्यांना इंटरनेट पुरवता येईल का, याची भारतातील पहिली प्रत्यक्ष चाचणी या प्रकल्पात झाली. पुढे परवानामुक्त ५.८ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील वायफाय उपकरणे वापरून प्रकल्पाचा विस्तार सुमारे २५ गावांपर्यंत करण्यात आला. मार्च २०१७ मध्ये या प्रकल्पाला मोझिला या संस्थेच्या 'इक्वल रेटिंग इनोव्हेशन चॅलेंज' स्पर्धेत प्रथम पुरस्कार मिळाला.

पार्श्वभूमी

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार या क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ३० लाख असून त्यांपैकी सुमारे ३७ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी या येथील प्रमुख जमाती होत.

जिल्ह्याचे आर्थिक चित्र दुभंगलेले आहे. पश्चिमेस मुंबई–अहमदाबाद रेल्वेमार्गाच्या कडेने वसई, विरार, पालघर, बोईसर ही शहरे वाढली. बोईसरजवळ तारापूर औद्योगिक वसाहत आहे. तारापूर येथेच १९६९ मध्ये भारतातील पहिले अणुऊर्जा केंद्र सुरू झाले; पहिल्या दोन संचांची मूळ क्षमता ४२० मेगावॉटच्या आसपास होती आणि पुढे २००५–०६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॉटचे आणखी दोन संच त्यात आले. याउलट रेल्वेमार्गापासून पूर्वेकडे सरकत गेल्यास जंगल, डोंगर आणि विखुरलेले पाडे लागतात. एका ग्रामपंचायतीत अनेक पाडे असतात आणि एका पाड्यात कधी कधी मोजकीच घरे असतात. आधुनिक तंत्रज्ञानाची सर्वांत जड यंत्रणा ज्या जिल्ह्यात १९६९ मध्येच उभी राहिली, त्याच जिल्ह्यातील अनेक पाड्यांवर २०१० नंतरही भ्रमणध्वनीचा संकेत धड मिळत नव्हता. अंतर फार नव्हते, पण दूरसंचार कंपनीच्या हिशेबात अंतरापेक्षा ग्राहकांची घनता महत्त्वाची असते. मनोरा उभारणे, त्याला वीज देणे आणि तो मुख्य जाळ्याशी जोडणे यांचा खर्च शहरात हजारो ग्राहकांत विभागला जातो. पाड्यावर तो काही शेकड्यांत विभागावा लागतो आणि त्यांचे उत्पन्नही तुटपुंजे असते.

पवईहून काही तासांच्या प्रवासात पोहोचता येईल असे, तरीही ग्रामीण दूरसंचाराच्या जवळजवळ सर्व अडचणी एकत्र असलेले क्षेत्र म्हणून पालघर संशोधकांना सोयीचे होते. पालघर तालुक्यातील खामलोली, जांभळांसाठी ओळखले जाणारे बहाडोली, ढुकटण आणि त्यांच्या परिसरातील गावे यांची प्रयोगासाठी निवड झाली.

'मधल्या टप्प्या'चा प्रश्न

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे या योजनेस मंजुरी दिली. हीच योजना पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची तार नेणे हे तिचे उद्दिष्ट होते. तथापि ग्रामपंचायत म्हणजे गाव नव्हे. जनगणनेच्या नोंदीनुसार देशात सहा लाखांहून अधिक गावे आहेत आणि पाडे, वाड्या, वस्त्या त्याहून वेगळ्या. तार पंचायत कार्यालयाच्या भिंतीपर्यंत आली, तरी तेथून दोन-पाच किलोमीटरवरील पाड्याला तिचा उपयोग होत नाही.

दूरसंचाराच्या परिभाषेत जाळ्याचे ढोबळपणे तीन भाग मानतात. मुख्य जाळ्यापासून पंचायतीपर्यंतचा भाग म्हणजे पाठकणा, पंचायतीपासून वस्तीपर्यंतचा भाग म्हणजे मधला टप्पा आणि वस्तीतील प्रवेशबिंदूपासून वापरकर्त्याच्या उपकरणापर्यंतचा भाग म्हणजे शेवटचा टप्पा. शेवटच्या टप्प्यासाठी वायफाय स्वस्त व तयार होते आणि पाठकण्यासाठी सरकारी योजना होती. मधल्या टप्प्याला मात्र कोणी वाली नव्हता. तेथेही तारच न्यावी, तर चर खणणे, खासगी जमिनीतून वाट मिळवणे आणि वनजमीन असल्यास वन संवर्धन कायद्यानुसार परवानगी घेणे असे सगळे सोपस्कार करावे लागतात. ग्राम मार्ग प्रकल्पाने नेमका हाच टप्पा बिनतारी पद्धतीने ओलांडण्याचा प्रयत्न केला.

टीव्ही व्हाइट स्पेस

दूरचित्रवाणीच्या भू-प्रक्षेपणासाठी प्रत्येक देशात रेडिओ लहरींचे काही पट्टे राखून ठेवलेले असतात. एखाद्या ठिकाणी त्यांतील ज्या वाहिन्यांवर प्रक्षेपण होत नाही, त्या रिकाम्या जागांना टीव्ही व्हाइट स्पेस म्हणतात. मूळ सेवेला बाधा न आणता या जागा इतर कामासाठी दुय्यम वापरात आणता येतात.

अमेरिका व युरोप यांच्या तुलनेत भारताची स्थिती वेगळी आहे. तेथे अनेक खासगी वाहिन्या भू-प्रक्षेपण करतात; भारतात भू-प्रक्षेपणाचा अधिकार केवळ दूरदर्शनकडे राहिला आणि खासगी वाहिन्या केबल व उपग्रहामार्गे घरोघरी पोहोचल्या. त्यामुळे अतिउच्च वारंवारतेच्या चौथ्या पट्ट्यात, म्हणजे ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या दरम्यान, बरीच जागा मोकळी असावी असा अंदाज होता. प्रत्येकी ८ मेगाहर्ट्झ रुंदीच्या १५ वाहिन्या या पट्ट्यात मावतात. गौरांग नाईक, सुदेश सिंघल, अनिमेश कुमार आणि अभय करंदीकर यांनी दूरदर्शनच्या प्रक्षेपकांची स्थाने, शक्ती व उंची यांवरून याचे गणित मांडले आणि २०१४ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्या वेळी दूरदर्शनच्या १,४१५ प्रक्षेपकांपैकी केवळ ३७३ प्रक्षेपक या पट्ट्यात काम करीत होते. देशात जवळजवळ सर्वत्र १५ पैकी किमान १२ वाहिन्या, म्हणजे ८० टक्के पट्टा, रिकामा असल्याचा निष्कर्ष निघाला. प्रक्षेपकांची वाहिन्यांवर नव्याने आखणी केली, तर तेवढीच दूरचित्रवाणी सेवा चार वाहिन्यांत बसवता येईल, असेही या अभ्यासात दाखविले गेले.

या पट्ट्याचे महत्त्व लहरींच्या स्वभावात आहे. ५०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ६० सेंटिमीटर असते, तर ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरीची सुमारे ५ सेंटिमीटर. दोन्हीकडे सारख्याच लाभांकाचे अँटेना वापरले, तर मोकळ्या अवकाशात तेवढ्याच अंतरावर कमी वारंवारतेच्या लहरीची सुमारे १३० पट अधिक शक्ती हाती येते. शिवाय लांब लहर झाडोऱ्यातून आणि उंचसखल भूभागावरून तुलनेने कमी क्षीण होत जाते. पावसाळ्यात दाट पाने फुटलेल्या सागाच्या रानापलीकडे संकेत पोहोचवायचा असेल, तर हा फरक निर्णायक ठरतो. वारंवारता जितकी जास्त, तितका मनोरा झाडांच्या शेंड्यांच्या वर न्यावा लागतो, आणि मनोऱ्याची उंची वाढली की लोखंड, पाया व ताण-तारा यांचा खर्च उंचीच्या प्रमाणापेक्षा अधिक वेगाने वाढतो. ग्रामीण जाळ्यात महागडी वस्तू बहुधा विजेरी उपकरण नसते, मनोरा असतो.

पालघरमधील चाचणी

या पट्ट्यातील रेडिओ लहरींचा वापर दूरसंचार विभागाच्या परवानगीखेरीज करता येत नाही. म्हणून संस्थेने प्रायोगिक परवाना घेतला आणि खामलोली व आसपासच्या सात गाव-पाड्यांत चाचणी जाळे उभारले. मध्यवर्ती मनोऱ्यावर आधारकेंद्र आणि प्रत्येक गावात ग्राहक उपकरण अशी साधी रचना होती. दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातून गावापर्यंत जोडणी आली की तेथून पुढे वायफाय प्रवेशबिंदू ती लोकांच्या उपकरणांपर्यंत नेत असे. वीजपुरवठा बेभरवशाचा असल्याने काही ठिकाणी सौर पॅनेल व बॅटरी लावणे भाग पडले.

दुय्यम वापरात मुख्य अडचण अशी, की उपकरणाने कोणत्या ठिकाणी कोणती वाहिनी वापरावी हे ठरवायचे कोणी? उपकरणाने स्वतः कानोसा घेऊन रिकामी वाहिनी शोधावी, हा एक मार्ग. पण डोंगराआडच्या उपकरणाला दूरदर्शनचा संकेत ऐकू न येण्याची आणि त्याने नेमक्या त्याच वाहिनीवर बोलण्यास सुरुवात करण्याची भीती असते. दुसरा मार्ग विदागाराचा: उपकरण आपले भौगोलिक स्थान कळविते आणि विदागार मोकळ्या वाहिन्यांची यादी परत पाठविते. इंटरनेट अभियांत्रिकी कार्यदलाने अशा देवाणघेवाणीचा प्रमाण नियमाचार मे २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. आयआयटी मुंबईच्या चमूने त्याच नियमाचारावर आधारलेले 'ओपनपॉज' नावाचे मुक्त-स्रोत विदागार भारतीय परिस्थितीसाठी तयार केले. दूरदर्शनचे प्रक्षेपक संख्येने मर्यादित आणि जागचे न हलणारे असल्यामुळे भारतात हा मार्ग इतर अनेक देशांपेक्षा सोपा आहे.

चाचणीचे निष्कर्ष व तिच्यामागील रचना या चमूने २०१६ मध्ये 'आयईईई कम्युनिकेशन्स मॅगझिन' या नियतकालिकात मांडली. पंचायत केंद्रस्थानी ठेवून सभोवतालच्या गावांना या पट्ट्यातून जोडणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, हे पालघरमध्ये सिद्ध झाले.

५.८ गिगाहर्ट्झकडे वळण

तांत्रिक यश मिळाले तरी व्यावसायिक वापराची वाट मोकळी झाली नाही. अमेरिकेने २०१० पर्यंत आणि ब्रिटनने २०१५ मध्ये टीव्ही व्हाइट स्पेससाठी नियम केले. भारतात मात्र ती वेळ आली नाही. प्रायोगिक परवान्यावर सेवा विकता येत नाही आणि नियम नसल्याने कारखानदार स्वस्त उपकरणे मोठ्या संख्येने बनवीत नाहीत. उपकरणे महाग राहिली की खेड्यासाठी स्वस्त जोडणी हा मूळ मुद्दाच उरत नाही.

त्यामुळे विस्ताराच्या टप्प्यात प्रकल्पाने परवानामुक्त ५.८ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील बाजारात सहज मिळणारी वायफाय उपकरणे मधल्या टप्प्यासाठी वापरली. जगभर लाखोंनी खपणाऱ्या या उपकरणांची किंमत कमी असते आणि लहरींसाठी शुल्क द्यावे लागत नाही. बदल्यात दोन टोकांमध्ये दृष्टिरेषा मोकळी असावी लागते, मनोरे उंच करावे लागतात आणि डोंगर आडवा आला की आणखी एक थांबा घ्यावा लागतो. सुमारे २५ गावे या पद्धतीने जोडली गेली. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ५ गिगाहर्ट्झ परिसरातील परवानामुक्त पट्टा बराच रुंद केला, त्याचा अशा जाळ्यांना सर्वत्र लाभ होतो.

अर्थकारण आणि पंचायतीची भूमिका

अनुदानावर उभारलेली ग्रामीण माहिती केंद्रे अनुदान संपताच बंद पडतात, हा जगातील बहुतेक विकसनशील देशांचा अनुभव आहे. महाराष्ट्रातही त्याचे उदाहरण होते. वारणा खोऱ्यातील सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील सुमारे ७० गावांत १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला होता. त्यातून पीकभाव, आरोग्य, शिक्षण अशा अनेक सेवा देण्याची कल्पना होती. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी काही वर्षांनी पाहणी केली तेव्हा संगणकांचा वापर प्रामुख्याने उसाच्या नोंदी, वजन आणि खतवाटप यांसाठीच होत असल्याचे आढळले. तेवढ्याच कामासाठी त्यांनी संगणकाऐवजी साध्या भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशांची व्यवस्था करून पाहिली आणि ती स्वस्त पडली. लोकांना ज्याची खरोखर गरज होती ते काम टिकले आणि बाकीचे गळून पडले.

ग्राम मार्गने या प्रश्नावर 'सार्वजनिक–खासगी–पंचायत भागीदारी' असे प्रारूप सुचविले. यात जाळ्याचा भांडवली भार शासन किंवा अन्य सार्वजनिक निधीतून उचलला जातो, इंटरनेटची जोडणी खासगी सेवादार देतो आणि गावातील जाळे पंचायतीच्या पाठबळावर स्थानिक उद्योजक सांभाळतो. पंचायत ही जागा देणारी, पहिली ग्राहक आणि जाळ्याची राखणदार अशा तिहेरी नात्याने त्यात सहभागी होते. उपकरण चोरीला जाणे, बॅटरी दुसरीकडे वापरली जाणे, वादळात अँटेनाची दिशा बदलणे अशा गोष्टींची दखल मुंबईत बसून घेता येत नाही. गावातल्याच प्रशिक्षित तरुणाने ती घेतली, तरच जाळे चालू राहते.

पंचायतीला या जोडणीत स्वारस्य असण्याचे कारणही व्यावहारिक होते. महाराष्ट्रात २०११ पासून 'संग्राम' आणि पुढे 'आपले सरकार सेवा केंद्र' यांमार्फत दाखले, जमाखर्च व योजनांच्या नोंदी संगणकावर आल्या. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत देणे बंधनकारक केले. मात्र गावात जोडणी नसेल, तर नोंदी चढविण्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी जावे लागते. दाखला 'ऑनलाइन' झाला म्हणजे ग्रामस्थाची फेरी वाचली असे कागदावर दिसते. जोडणीविना ती फेरी वाचत नाही, तिच्यात फक्त बसभाड्याबरोबर केंद्रचालकाचे शुल्क वाढते आणि मजुराचा रोजही बुडतो.

आंतरराष्ट्रीय संदर्भ

माहिती तंत्रज्ञानाने गरिबांचे उत्पन्न खरोखर वाढते का, हा विकासाच्या अर्थशास्त्रातील जुना वाद आहे. रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला केरळच्या मच्छीमारांचा अभ्यास त्यात वारंवार उद्धृत होतो. १९९७ ते २००१ या काळात किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने भ्रमणध्वनी आला, तसतसे मच्छीमार समुद्रातूनच निरनिराळ्या बंदरांतील भाव विचारू लागले. बंदरांमधील भावाची तफावत घटली, मासळी फेकून देण्याची वेळ येईनाशी झाली, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकांना ती सुमारे ४ टक्क्यांनी स्वस्त मिळू लागली. (सातपाटीसारखी मोठी मासेमारी बंदरे पालघरच्या किनाऱ्यावरही आहेत, पण ग्राम मार्गचे क्षेत्र त्यांच्यापासून आत, भातशेती आणि रानाच्या टापूत होते.) दुसरीकडे जागतिक बँकेच्या २०१६ च्या जागतिक विकास अहवालाने असा इशारा दिला, की शिक्षण, संस्था आणि नियम यांची जोड नसल्यास डिजिटल तंत्रज्ञानाचे लाभ असमान वाटले जातात.

२०१७ च्या पुरस्काराला याच वादाची एक किनार होती. फेसबुकच्या 'फ्री बेसिक्स' योजनेत निवडक संकेतस्थळेच विनामूल्य उपलब्ध होत. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली आणि ही योजना भारतात बंद झाली. गरिबाला तुटपुंजे इंटरनेट फुकट द्यायचे की पूर्ण इंटरनेट परवडेल असे करायचे, असा प्रश्न त्यातून उभा राहिला. मोझिलाची स्पर्धा दुसऱ्या पर्यायाच्या शोधासाठी होती. ग्राम मार्गला १,२५,००० अमेरिकी डॉलरचे पारितोषिक मिळाले. दक्षिण आफ्रिका व ब्राझील येथील प्रकल्पही त्या वेळी गौरविले गेले.

टीव्ही व्हाइट स्पेसचे प्रयोग अन्यत्रही झाले. २०१३ मध्ये केनियातील नान्युकी परिसरात आणि दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनच्या शाळांत अशा जोडण्या देण्यात आल्या. केनियात विरळ वस्ती आणि महाग पाठकणा या अडचणी पालघरशी मिळत्याजुळत्या होत्या.

मानकांवरील प्रभाव

प्रकल्पाचा सर्वांत दूरगामी परिणाम गावांच्या संख्येत मोजता येत नाही. भ्रमणध्वनीच्या आंतरराष्ट्रीय मानकांत ग्रामीण वापरकर्ता म्हणजे महामार्गावरून वेगाने जाणारा मोटारचालक, असे गृहीत धरले जाई. भारतीय खेड्यातील वापरकर्ता बहुधा घरात, शाळेत किंवा पंचायतीत स्थिर असतो. त्याला वेग नको, लांबचा पल्ला व कमी खर्च हवा. भारताच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने पाचव्या पिढीच्या निकषांत 'कमी गतिशीलता, मोठा कोष' ही चाचणी समाविष्ट केली. तिच्यात दोन मनोऱ्यांमधील अंतर ६ किलोमीटर धरले आहे. करंदीकर हे भारताच्या दूरसंचार मानक विकास संस्थेचे संस्थापक-सदस्य व माजी अध्यक्ष होत.

ग्रामीण जाळ्याच्या रचनेवर काम करणाऱ्या आयआयटी मुंबईच्या चमूने पुढे 'काटकसरी ५जी' ही कल्पना मांडली. मोठ्या पल्ल्याचे आधारकेंद्र आणि गावातील वायफाय यांचे एकत्रित नियंत्रण, तसेच वायफायवरील वाहतूक मध्यवर्ती जाळ्यातून न फिरवता थेट इंटरनेटकडे नेण्याची मुभा, ही तिची वैशिष्ट्ये आहेत. तीवर आधारलेले मानक आयईईई संस्थेने २०६१ या क्रमांकाने २०२४ मध्ये स्वीकारले.

नंतरचा काळ

५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली आणि विदेचे दर देशभर झपाट्याने कोसळले. सामुदायिक जाळ्यांच्या अर्थकारणावर त्याचा थेट परिणाम झाला. जेथे मनोऱ्याचा संकेत पोहोचला, तेथे तरुणांनी स्वतःच्या भ्रमणध्वनीवरील इंटरनेट पसंत केले. जेथे पोहोचला नाही, त्या डोंगराआडच्या पाड्यांचा प्रश्न तसाच राहिला. २०२० मध्ये शाळा बंद असताना हा फरक राज्यातील सर्वच आदिवासी भागांत ठळकपणे दिसून आला. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत लहान दुकानदारालाही परवान्याविना सार्वजनिक वायफाय चालविण्याची मुभा मिळाली. गावातील उद्योजकाने जोडणी विकावी, ही ग्राम मार्गमधील कल्पना तिच्याशी मिळतीजुळती आहे.

करंदीकर २०१८ मध्ये आयआयटी कानपूरचे संचालक झाले आणि २०२३ मध्ये केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या सचिवपदी नियुक्त झाले. दरम्यान प्रसार भारतीने सामरिक महत्त्वाची सुमारे ५० ठिकाणे वगळता दूरदर्शनचे सर्व अ‍ॅनालॉग भू-प्रक्षेपक मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचा कार्यक्रम जाहीर केला. ज्या पट्ट्यात १५ पैकी १२ वाहिन्या रिकाम्या असल्याचे २०१४ मध्ये मोजले गेले होते, तो त्यानंतर अधिकच मोकळा झाला आहे.